माउंट रोडचे दैनिक : 'द हिंदू' आणि मद्रास शहर

वृत्तपत्रांच्या इतिहासाकडे पाहण्याची आपली मराठी दृष्टी बहुधा 'दर्पण'पासून सुरू होते आणि 'केसरी', 'सुधारक', 'काळ' असा पल्ला गाठून स्वातंत्र्यापाशी थांबते. ते स्वाभाविकही आहे. मात्र महानगरातील दैनिकाचे एक असे रूप आहे की, जे मराठी मुलखात पूर्णत्वाने घडले नाही. एका व्यक्तीच्या लेखणीवर नव्हे, तर एका शहराच्या दिनक्रमावर उभे असलेले, मालकी बदलूनही न बदललेले आणि वाचकांच्या सवयीचाच एक भाग झालेले असे हे रूप आहे. मद्रासचे 'द हिंदू' हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या पत्राची जडणघडण पाहावयाची आहे. मराठी वाचकाला तिच्यात ओळखीचे बरेच काही आढळेल.

पत्राचा जन्म एका वादातून झाला. टी. मुत्तुस्वामी अय्यर यांची मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली. त्या आसनावर बसणारे ते पहिले भारतीय. शहरातील इंग्रज मालकीच्या पत्रांनी या नेमणुकीवर टीकेची झोड उठविली आणि तिला उत्तर देण्यासाठी एतद्देशीयांच्या हाती एकही समर्थ इंग्रजी पत्र नव्हते. ही उणीव ट्रिप्लिकेन वस्तीतील साहित्य-मंडळात जमणाऱ्या सहा तरुणांना जाणवली. त्यांपैकी जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि एम. वीरराघवाचारियार हे दोघे शिक्षक, तर उरलेले चौघे कायद्याचे विद्यार्थी होते. एक रुपया बारा आणे उसने घेऊन २० सप्टेंबर १८७८ रोजी त्यांनी साप्ताहिकाचा पहिला अंक काढला. प्रती छापल्या ऐंशी, किंमत चार आणे.

या सालाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला होता. इंग्रजी पत्रे त्यातून वगळलेली होती. त्याच भयाने कलकत्त्याची 'अमृत बझार पत्रिका' एकाएकी इंग्रजी झाली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. 'हिंदू'ने इंग्रजी भाषा निवडली ती केवळ या कायद्यामुळे, असे म्हणता येणार नाही. टीकाकार इंग्रजीत लिहीत होते, तेव्हा उत्तरही इंग्रजीतच द्यावयाचे होते. शिवाय मद्रास इलाख्याची रचनाच अशी होती की, तमिळ, तेलुगू, मलयाळम आणि कन्नड अशा चार भाषांचे सुशिक्षित लोक परस्परांशी इंग्रजीतूनच व्यवहार करीत. मुंबईत 'मुंबई समाचार' १८२२ पासून गुजराती वाचक सांभाळीत होता, मराठी पत्रांचीही परंपरा तोवर रुळली होती. तेथे एतद्देशीयांचे मत एकाच इंग्रजी पत्रातून व्यक्त होण्याची निकड तेवढी नव्हती. मद्रासला ती होती. पुढे शंभर वर्षे हे पत्र साऱ्या दक्षिणेचे राहू शकले, याचे बीज या भाषिक परिस्थितीत आहे.

कायद्याचे विद्यार्थी यथावकाश वकील झाले आणि पत्रातून बाहेर पडले. मागे राहिले ते दोन शिक्षक. सुब्रह्मण्य अय्यर संपादक आणि वीरराघवाचारियार व्यवस्थापक, अशी वाटणी झाली. येथे पुण्याचे स्मरण न होणे अशक्य आहे. न्यू इंग्लिश स्कूलच्या शिक्षकांनी १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' अशी जोडी काढली. सुब्रह्मण्य अय्यरांनी १८८२ मध्ये 'स्वदेशमित्रन्' हे तमिळ साप्ताहिक काढून 'हिंदू'ला तसाच जोड दिला. दोन्ही शहरांत शाळामास्तरांनी पत्रे काढली, दोन्हीकडे एक पत्र सरकारला ऐकविण्यासाठी आणि दुसरे लोकांना जागे करण्यासाठी होते. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केल्याचे मानण्याचे कारण नाही. नव्या शिक्षणातून निघालेल्या पहिल्या पिढीला जे सुचणे शक्य होते तेच दोहोंकडे सुचले.

पत्राला धार आली ती जिल्ह्यांतील प्रकरणांमुळे. सेलमच्या १८८२ मधील दंगलीनंतर तेथील तरुण वकील सी. विजयराघवाचारियार यांना गोवण्यात आले, तेव्हा 'हिंदू'ने त्यांची बाजू उचलून धरली; ते पुढे निर्दोष सुटले. हेच विजयराघवाचारियार डिसेंबर १९२०च्या नागपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. गव्हर्नर ग्रँट डफ यांच्या कारभारावरही पत्राने सातत्याने लिहिले. १ ऑक्टोबर १८८३ पासून पत्र आठवड्यातून तीनदा निघू लागले, त्याच सुमारास माउंट रोडवर स्वतःचा छापखाना आला, आणि १ एप्रिल १८८९ रोजी त्याचे दैनिक झाले. ते सायंदैनिक होते. कचेऱ्या सुटल्यावर वाचण्याचे पत्र, असे त्याचे मूळ रूप होते.

सुब्रह्मण्य अय्यरांची योग्यता मद्रासबाहेर केव्हाच मान्य झाली होती. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसची पहिली बैठक भरली, तेव्हा पहिला ठराव मांडण्याचा मान त्यांना मिळाला. भारताच्या राज्यकारभाराची चौकशी व्हावी, अशी मागणी त्यात होती. राजकारणात त्यांच्यामागे उभे राहावयास वाचक तयार होता. प्रश्न उभा राहिला तो समाजसुधारणेचा.

हा भाग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. न्यायमूर्ती रानडे आणि दिवाणबहादुर रघुनाथराव यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषदेची पहिली बैठक १८८७ मध्ये मद्रासलाच भरली होती. हे रघुनाथराव तंजावर-कुंभकोणम भागात स्थायिक झालेल्या मराठी देशस्थ घराण्यातले, आणि विधवाविवाहाचे दक्षिणेतील खंदे पुरस्कर्ते. परिषदेत बोलणारे अनेक होते. सुब्रह्मण्य अय्यरांनी बोलल्याप्रमाणे केले. १८८९ च्या काँग्रेसच्या निमित्ताने ते मुंबईस आले असता त्यांनी आपल्या बालविधवा मुलीचा पुनर्विवाह तेथे लावून दिला. मद्रासमध्ये हे कार्य पार पाडणे सोपे नव्हते. मुंबईत सुधारकांचा आधार होता. परतल्यावर त्यांना जातिबहिष्काराला तोंड द्यावे लागले. आणि बहिष्कार घालणारा समाज कोणता? तर जो रोज सायंकाळी 'हिंदू' विकत घेत होता तोच.

वीरराघवाचारियार व्यवस्थापक होते. वर्गणीदार, जाहिरातदार आणि कर्ज यांचा हिशेब त्यांच्याकडे होता. संपादकाच्या सुधारणाविषयक लेखांनी वाचक दुखावला जातो, ही त्यांची तक्रार केवळ सनातनीपणातून आली असे मानणे अन्यायाचे होईल. पत्र जगले पाहिजे ही चिंताही तीत होती. दोघांचे पटेनासे झाले आणि १८९८ मध्ये भागीदारी संपली. 'हिंदू' वीरराघवाचारियारांकडे राहिले. सुब्रह्मण्य अय्यरांनी 'स्वदेशमित्रन्' घेतले आणि १८९९ मध्ये त्याचे दैनिक केले. कवी सुब्रह्मण्य भारतींना वृत्तपत्रसृष्टीत आणले ते याच पत्राने. सरकारविरोधी लेखनाबद्दल १९०८ मध्ये, म्हणजे टिळकांवरील खटल्याच्या वर्षीच, त्यांना अटक झाली.

आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि वर्षभरात 'सुधारक' काढला, ही घटना आपल्याकडे दोन व्यक्तींच्या स्वभावभेदाच्या अंगाने फार चघळली गेली आहे. मद्रासचे उदाहरण शेजारी ठेवले की वेगळे काही दिसते. दोन्ही ठिकाणी राजकीय पत्र सुधारकाला पेलवले नाही, कारण त्या पत्राचा ग्राहक स्वराज्याच्या बाजूचा आणि घरातल्या बदलाच्या विरोधातला होता. फरक एवढाच की, आगरकरांनी इंग्रजी-मराठी असे संमिश्र पत्र काढले, तर सुब्रह्मण्य अय्यर इंग्रजी सोडून मातृभाषेकडे गेले. ज्या समाजाने बहिष्कार घातला त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलणे त्यांनी पसंत केले, याला मी साधे धैर्य म्हणणार नाही. ते त्याहून अधिक काही होते.

सुब्रह्मण्य अय्यर गेल्यावर पत्राचा ओज गेला. खप आठशेपर्यंत उतरला. अखेर १ एप्रिल १९०५ रोजी एस. कस्तुरीरंग अय्यंगार यांनी ते ७५,००० रुपयांना विकत घेतले. कुंभकोणमजवळच्या इन्नंबूर गावचे हे गृहस्थ कोइमतूरला वकिली करून मद्रासला आलेले, आणि १८९५ पासून पत्राचे कायदेविषयक सल्लागार. आजही पत्र त्यांच्याच वंशजांच्या हाती आहे.

कस्तुरीरंग अय्यंगारांनी पत्राचा धंदा आणि राजकारण दोन्ही सावरले. रॉयटरच्या तारा घेतल्या, १९२१ मध्ये रोटरी यंत्र आणले. राजकारणात ते टिळकांकडे झुकलेले. मैलापूरच्या मवाळ वकीलमंडळींशी त्यांचे जमत नसे. कॅथीड्रल रोडवरील त्यांच्या मालकीच्या घराचे नावच 'तिलक भवन' होते. या घरात मार्च १९१९ मध्ये गांधीजी उतरले होते. आपण कस्तुरीरंग अय्यंगारांचे पाहुणे आहोत अशी त्यांची समजूत. खरे यजमान होते तेथे नुकतेच राहावयास आलेले राजगोपालाचारी. रौलट कायद्याविरुद्ध देशव्यापी हरताळ पाळण्याची कल्पना गांधीजींना याच वास्तव्यात पहाटेच्या अर्धवट झोपेत सुचली. त्यापूर्वीच्या वर्षी युरोपातील रणभूमी पाहण्यास गेलेल्या भारतीय पत्रकारांच्या शिष्टमंडळात कस्तुरीरंग अय्यंगारांबरोबर 'ज्ञानप्रकाश'चे गोपाळ कृष्ण देवधरही होते.

या काळात पत्राला एक टोपणनाव मिळाले : 'माउंट रोडचा महाविष्णू'. त्यात आदर होता आणि बोचकही. वैष्णव अय्यंगारांचे घराणे, त्यांचे पत्र, आणि त्याचा सर्वज्ञपणाचा आव, असे तीनही अर्थ त्या नावात सामावलेले आहेत. बोच कोठून येत होती हेही स्पष्ट आहे. १९१७ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीने 'जस्टिस' हे इंग्रजी दैनिक काढले, ते 'हिंदू' हे एका जातीचे पत्र आहे या जाणिवेने. शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि वृत्तपत्रे एकाच वर्गाच्या हाती असतील, तर 'लोकमत' म्हणून जे छापले जाते ते नेमके कोणाचे, हा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये 'दीनबंधू' काढताना हाच सवाल मराठीत विचारला होता. 'जस्टिस' फार काळ टिकले नाही. सवाल टिकला आणि १९६७ मध्ये द्रविड पक्षाने मद्रासची सत्ता हाती घेतली तेव्हा त्याचे उत्तर मतपेटीतून मिळाले. माउंट रोडच्या पत्राला या राज्यकर्त्यांबरोबर राहावयास शिकावे लागले.

तरीही या पत्राचा शहरावरील प्रभाव केवळ अग्रलेखांनी समजावयाचा नाही. १४ जानेवारी १९५८ पर्यंत 'हिंदू'च्या पहिल्या पृष्ठावर बातम्या नसत, जाहिराती असत. जग दुसऱ्या महायुद्धातून गेले, देश स्वतंत्र झाला, आणि पत्राचे पहिले पान जाहिरातींचेच राहिले. आज हे विचित्र वाटते. पण या पानाचा वाचक पत्र उघडून वाचणारा, सावकाश वाचणारा होता. रस्त्यावर ओरडून विकल्या जाणाऱ्या पत्राला मोठा मथळा लागतो, वर्गणीने घरी येणाऱ्या पत्राला तो लागत नाही.

शहरात आज कोठे काय आहे, हे सांगणारे छोटे सदर पत्रात असे. कोणत्या सभेत कोणाचे गाणे, कोणत्या देवळात कोणाचे प्रवचन, कोठे हरिकथा. (ही हरिकथा मुळात तंजावरच्या मराठी कीर्तनाच्या साच्यात घडली, हे मद्रासच्या श्रोत्याला ठाऊक असते; मराठी श्रोत्याला सहसा नसते.) डिसेंबर १९२७ च्या मद्रास काँग्रेसबरोबर झालेल्या संगीत परिषदेतून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी निघाली आणि मार्गळी महिन्यातील संगीतोत्सव शहराचा सण झाला. या उत्सवाला 'हिंदू'तील समीक्षेने शिस्त लावली. सकाळी कोणाच्या रागविस्तारावर काय छापून आले यावर सायंकाळच्या मैफलीचा रंग ठरे. आर. के. नारायण यांच्या अनेक कथा प्रथम याच पत्रात आल्या, आणि त्यांवर चित्रे काढली ती धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांनी, हेच लक्ष्मण पुढे मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'चे व्यंगचित्रकार झाले.

स्वातंत्र्याच्या आसपास पत्राचे नेतृत्व कस्तुरी श्रीनिवासन यांच्याकडे होते. १९४० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेचे ते पहिले अध्यक्ष. रॉयटरची मक्तेदारी संपवून भारतीय पत्रांच्या मालकीची प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया ही वृत्तसंस्था ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासला नोंदविली गेली, तिचेही ते पहिले अध्यक्ष. पुढच्या पिढीने, विशेषतः १९६५ ते १९९१ संपादक असलेल्या जी. कस्तुरी यांनी, तंत्राचा ध्यास घेतला. साठीच्या दशकात पत्राने स्वतःची विमाने ठेवून दक्षिणेतील शहरांत पहाटे अंक पोचविले. १९६९ मध्ये मद्रासला जुळविलेल्या पानांची प्रतिमा तारेवरून कोइमतूरला पाठवून तेथे छपाई सुरू झाली. १९८६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने दिल्लीची आवृत्ती निघाली. यामागचा आग्रह लक्षात घेण्याजोगा आहे. पान मद्रासला लागले पाहिजे, मग ते कोठेही छापा. पत्र पसरले तरी त्याचे केंद्र माउंट रोडवरून हलू द्यावयाचे नव्हते.

सत्तेशी असलेल्या संबंधांत मात्र पत्राची वाटचाल सरळ नाही. आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. 'हिंदू' सौम्य राहिले आणि त्याबद्दल त्यावर टीका झाली. बोफोर्स तोफांच्या दलालीची कागदपत्रे १९८८ पासून चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांनी याच पत्रात छापली, आणि देशातील शोधपत्रकारितेचा तो मानदंड ठरला. पण ऑक्टोबर १९८९ मध्ये मालिकेचा पुढील भाग संपादकांनी थांबविला, तेव्हा एन. राम यांनी आपल्याच संपादकांविरुद्ध, म्हणजे आपल्याच काकांविरुद्ध, पत्रकार परिषद घेतली. चित्रा सुब्रमण्यम 'इंडियन एक्सप्रेस'कडे गेल्या. कुटुंबाच्या मालकीमुळे पत्राला सातत्य लाभते, तसेच कुटुंबातील मतभेद थेट पहिल्या पानावर उतरतात. बाहेरचे पहिले संपादक सिद्धार्थ वरदराजन २०११ मध्ये आले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये, घराण्याने संपादकीय सूत्रे पुन्हा हाती घेतल्यावर, बाहेर पडले. वीरराघवाचारियार आणि सुब्रह्मण्य अय्यर यांच्यातील ताण मालक आणि संपादक या नव्या रूपात कायम होता असे म्हणावेसे वाटते.

७ नोव्हेंबर २००३ ची घटना या संबंधांचे दुसरे टोक दाखविते. त्या वर्षीच्या एप्रिलमधील एका अग्रलेखात व वृत्तांतांत सभागृहाचा हक्कभंग झाला असे ठरवून तमिळनाडू विधानसभेने पत्राचे संपादक, प्रकाशक व वार्ताहर मिळून पाच जणांना पंधरा दिवसांची कैद फर्माविली. त्या अग्रलेखाचे तमिळ भाषांतर छापणाऱ्या 'मुरसोली'च्या संपादकांनाही तीच शिक्षा झाली. पोलीस माउंट रोडच्या कचेरीत शिरले. पत्रकार राज्याबाहेर गेलेले होते. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने अटकेला स्थगिती दिली. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. 'मुरसोली' हे द्रमुकचे, म्हणजे 'महाविष्णू'च्या जुन्या विरोधकांच्या परंपरेतले पत्र. त्याने 'हिंदू'चा अग्रलेख भाषांतरित करून आपल्या वाचकांपुढे ठेवला, आणि दोन्ही पत्रे एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. १९१७ मध्ये कोणी हे भाकीत केले असते, तर ते हसण्यावारी गेले असते.

२००६ मध्ये पत्राने वाचकांच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र वाचक-संपादक नेमला. भारतीय दैनिकांत ही प्रथा येथून सुरू झाली. चुकीची दुरुस्ती रोज ठरलेल्या जागी छापणे हे वाचकाशी असलेल्या जुन्या नात्याला शोभणारे होते. २००८ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' चेन्नईत उतरला आणि शतकाची सवय प्रथमच स्पर्धेत सापडली. उलट दिशेचा प्रयत्न 'हिंदू'नेही करून पाहिला : २०१५ मध्ये मुंबई आवृत्ती काढली आणि २०२० मध्ये ती बंद केली. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच घराण्याने तमिळ दैनिक सुरू केले. सुब्रह्मण्य अय्यर ज्या भाषेकडे १८९८ मध्ये निघून गेले, तेथे त्यांच्या पत्राला पोचावयास एकशे पंधरा वर्षे लागली.

डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत चेन्नई पाण्याखाली गेली. शहराबाहेर मरैमलै नगरच्या छापखान्यात कामगार पोचू शकले नाहीत आणि २ डिसेंबरला चेन्नईचा अंक निघाला नाही. ठरलेल्या सुट्ट्या सोडता १८७८ पासून असे प्रथमच घडले. त्या सकाळी अनेक घरांत वीज नव्हती, दूध नव्हते, दूरध्वनी बंद होते. आणि अंक न आल्याची विचारणा तरीही झाली.